श्रीनिवास-तीन

सोमवार, २ जून

आज परत एक जण हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवून घेऊन आला. प्लास्टिकची पिशवी, आत पाण्याचे थेंब. म्हणे इंटरनेटवर तसंच दाखवतात. म्हटलं, मग इंटरनेटवरच दुरुस्त करून घ्या. गेला फणकाऱ्याने.

मान सकाळपासून धरलेली. अठ्ठावन्न पूर्ण झाली. सत्तावीस वर्षं बुधवार पेठेतल्या या साडेआठ फुटी दुकानात खाली मान घालून बसलोय, धरणार नाही तर काय! दसऱ्याला दुकान बंद करायचं असं बायकोला सांगून ठेवलंय. शकू म्हणाली, 'कुठल्या दसऱ्याला?' बरोबर आहे तिचं. चार वर्षं हेच सांगतोय.

चारच्या सुमारास एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात स्टीलचा डबा, डब्यात डिस्क. बरोबर पंचवीस-सव्विशीचा मुलगा, हातात पांढरी काठी. बाईंचा आवाज इतका बसका की पहिलं वाक्य कळलंच नाही.

नाव श्यामला. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त, कसब्यात राहतात. बारा वर्षं एकच उद्योग — ज्यांना दिसत नाही त्या मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि रेकॉर्ड करायची. इतिहास, राज्यघटना, भूगोल. स्पर्धा परीक्षांना लागतं ते सगळं. सोळाशे बारा फायली. सगळ्या या एका डिस्कवर. झाडताना टेबलावरून पडली.

'दुसरी कॉपी नाही?' 'आहे की.' 'कुठे?' 'मुलांच्या डोक्यात.'

हसायला आलं नाही. 'पुन्हा वाचता नाही येणार?' असं विचारून बसलो. त्यांनी गळ्यावरचा पदर जरा बाजूला केला. टाक्यांची खूण. मार्चमध्ये ऑपरेशन. पाच मिनिटं बोललं की आवाज संपतो. 'वाचता आलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?'

डिस्क लावून बघितली. टक-टक-टक. आतलं वाचणारं डोकं वाकलंय. त्याच मॉडेलची दुसरी डिस्क मिळाली तर तिचं डोकं काढून हिच्यात बसवता येईल, मग घाईघाईने सगळं कोऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. होईल, म्हटलं. मुलगा — सुदर्शन, वाशीमकडचा, स्वारगेटजवळ खोली करून राहतो, नोव्हेंबरात परीक्षा — म्हणाला, 'सर, भेटन ना सगळं?'

नेहमीप्रमाणे डिस्कला लाल दोरा बांधला आणि नंबरातले शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचून वहीत लिहिले. समोर दोन सारख्या डिस्क असल्या की पेशंट कोणती आणि कोरी कोणती यात घोळ नको. दोरा पेशंटला. आणि कॉपी सुरू करण्याआधी आकडे मोठ्याने — आधी पेशंटचे, मग कोरीचे. सत्तावीस वर्षांची सवय. बाई बघत होत्या. 'मंत्र म्हणताय का?' सांगितलं काय ते. तर म्हणाल्या, 'आवाज बरा आहे तुमचा. उच्चार स्वच्छ. इथे वाया चाललाय.'

गुरुवार, ५ जून

त्या मॉडेलची डिस्क मिळेना. तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. घड्याळाचा पट्टा तुटला तो वेगळाच.

शनिवार, ७ जून

मिळाली! एका भंगारवाल्याकडे, जुन्या कॅमेऱ्यांच्या डब्यात. तेच मॉडेल, बनावटीचा महिनाही तोच.

काचेच्या पेटीत हात घालून अडीच तास. पेटीत धाग्याचा एक कण जाऊन चालत नाही, म्हणून दोरा सोडून ठेवला. श्वाससुद्धा तोंड वळवून घेत होतो. डोकं बसलं. डिस्क फिरली. टकटक नाही — सुरळीत घरघर. या आवाजासाठी तर हा धंदा केला मी.

सगळी यादी पडद्यावर आली. बरोबर सोळाशे बारा. तपासायला म्हणून एक फाईल उघडली. बाईंचा जुना आवाज! खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. 'डावा हात समोर आडवा धरा. तळवा जमिनीकडे, बोटं उजवीकडे. मनगटावर घड्याळ आहे ना? तो सह्याद्री. घड्याळाच्या मागे, कोपराकडे, कोकण आणि मग समुद्र. आता अंगठा — कृष्णा. त्याच्या शेजारचं बोट भीमा. मधलं बोट गोदावरी. करंगळीच्या टोकाला नागपूर.' मध्येच कुकरची शिट्टी. 'थांबा, होऊ दे.' दुसरी शिट्टी. मग पुन्हा नद्या.

बसल्या बसल्या हात समोर धरला. अख्खा महाराष्ट्र! पट्टा तुटल्यामुळे सह्याद्री तेवढा नव्हता. असे बेचाळीस नकाशे आहेत. कुठल्या पुस्तकात नाहीत, बाईंनी स्वतः बसवलेले.

तेव्हाच कॉपी लावायला हवी होती. पण मान इतकी दुखत होती की स्क्रू दोन-दोन दिसायला लागले. सोमवारी ताज्या डोक्याने करू म्हटलं. बाईंना फोन केला, झालंच समजा म्हणून. पलीकडून नुसतं 'बरं.' 

सोमवार, ९ जून

काय करून बसलो मी.

लिहायलाही हात धजत नाही. लिहितो. दुसरं कोणाला सांगणार.

सव्वाबाराला बाईंची डिस्क लावली, शेजारी माझी कोरी. माझ्या रिकाम्या डिस्कना मी नावं देऊन ठेवतो — श्रीनिवास-एक, श्रीनिवास-दोन. ही तिसरी. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही काळ्या. दोरा शनिवारी सोडलेला, तो पुन्हा बांधलाच नाही. टेबलावर समोर पडला होता! आणि आकडे — आकडे मोठ्याने वाचले नाहीत. समोर कॉलेजची दोन पोरं लॅपटॉप घेऊन उभी होती. तोंड उघडलं आणि बाईंचं ते वाक्य आठवलं. आवाज बरा आहे. सत्तावीस वर्षांत स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता, तो एकदम ऐकू यायला लागला. लाज वाटली. पोरांसमोर काय पुटपुटायचं, म्हणून मनातल्या मनात वाचले. मनातल्या मनात माणूस जे असायला हवं तेच वाचतो. जे आहे ते नाही.

बटण दाबलं आणि डबा खायला मागे जाऊन बसलो. बटाट्याची भाजी होती. मग पाच मिनिटं डोळा लागला. चाळीस-पन्नास मिनिटांनी येऊन बघतो तर — उलटं. कोऱ्या डिस्कवरचं कोरेपण बाईंच्या डिस्कवर उतरत होतं.

हिसकून काढली. परत लावली. नाव आलं — श्रीनिवास-तीन. बाईंच्या डिस्कवर माझं नाव! आत काही नाही. फायली सगळ्या सुरुवातीच्या भागात होत्या, तेवढाच भाग गेला. फुटलेलं परत मिळतं, पुसलेलं मिळतं, पुरात भिजलेलंसुद्धा मी काढून दिलंय. वर दुसरं लिहिलं गेलं की संपलं. कोणाच्या बापाला मिळत नाही.

शटर ओढून घेतलं. शकूला पित्त झालंय असं सांगितलं.

मंगळवार, १० जून

बाई आल्या. बरोबर सुदर्शन. रात्रभर वाक्यं जुळवली होती. तोंडातून भलतंच निघालं — पडल्यामुळे आतली चकती खरवडली गेलीय, शनिवारी जरा चालली आणि काल बंद पडली, आता काही निघणार नाही.

बाई स्टुलावर बसल्या. पिशवीतून थर्मास काढला होता, माझ्यासाठी कॉफी आणली होती. तो तसाच मांडीवर. मग म्हणाल्या, 'मीच पाडली. फडकं मारताना. शंभरदा मुलांना सांगते, वस्तू टेबलाच्या कडेला ठेवू नका. मीच ठेवली.'

तेव्हा बोलायला हवं होतं. त्या क्षणी. नाही बोललो. नीच!

सुदर्शन म्हणाला, 'जाऊ द्या बाई, तुमी काही मुद्दाम नाही पाडली.' आणि मला — 'सर, तुमी लय केलं आमच्यासाठी.'

कॉफी प्यावी लागली. साखर जास्त होती.

शुक्रवार, १३ जून

काम केलं नाही. बसून राहिलो.

बुधवार, १८ जून

बाईंचा फोन. डिस्क परत द्या म्हणाल्या, बारा वर्षं घरात होती, कचऱ्यात नको जायला.

आता खरी पंचाईत. डिस्क बंद नाही. नवं डोकं बसवल्यामुळे उत्तम चालतेय, नुसती कोरी आहे. कोणी लावली तर लगेच कळेल. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. आतलं डोकं काढून टाकलं की कायमची मुकी. दोन स्क्रू काढलेही. मग पुन्हा बसवले. एवढा नीच अजून झालो नाही, की नुसता कंटाळा आला, देव जाणे. मेलेली डिस्क कोण लावून बघतं! पाकिटात घालून वर 'बंद' अशी पट्टी चिकटवली.

बाई आल्या, घेऊन गेल्या. पैसे विचारले. काही नाही म्हटलं. 'का?' 'काम झालं नाही तर कसले?' तर माझ्याकडे बघत राहिल्या. निवृत्त मास्तरणींनी असं बघू नये माणसाकडे.

शनिवार, २१ जून

बाईंनी घरी बोलावलं. कसब्यात, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघरात ओट्यासमोर टेबल, त्यावर माईक, खिडकीला गादी उभी लावलेली — रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. जागा रिकामी असूनही कोणी तरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

मी काही तरी समजुतीचं बोलायला लागलो. मध्येच तोडलं. 'झालं ते झालं. आता कामाचं बोला.'

काम असं — इतक्या वर्षांत त्यांनी मुलांना मागतील तसतशा फायली दिल्यात. मोबाईलमध्ये, मेमरी कार्डात, तुकड्यातुकड्याने; त्याला कॉपी म्हणावं असं आजवर सुचलंच नव्हतं. कोणाकडे घटना असेल, कोणाकडे इतिहास. चौतीस मुलांची नावं-पत्ते लिहून ठेवलेत. आणि एक जाड वही — प्रत्येक फाईलचं नाव, तारीख, किती मिनिटं. 'सगळ्यांकडून गोळा करायचं आणि वहीशी ताडून लावायचं. मुलं पाठवतील, पण पाठवताना गोंधळ घालतील. तुम्हीच जायचं.'

'मी?'

'मग कोण? तुमच्याइतकं या डिस्कबद्दल कोणाला माहीत आहे?'

हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे आहे? एक मात्र लक्षात आलं. 'मी पाडली' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. बरं वाटलं. निदान स्वतःला दोष देणं थांबलंय.

मंगळवार, १ जुलै

सकाळी दुकान, दुपारी चारनंतर पायपीट. हडपसर, कात्रज, आज स्वारगेटजवळच्या मुलींच्या वसतिगृहात. दीपाली नावाची मुलगी, बँकेच्या परीक्षा देते. तिच्या कार्डात दोनशे सहा फायली मिळाल्या. वॉर्डनबाईंच्या खोलीत बसवून चहा दिला, वर चिवडा. 'काका, तुम्ही स्वतः येता म्हणजे कमाल आहे!'

चिवड्याची बशी बाजूला सारून फायली मोजत बसलो.

गुरुवार, १० जुलै

एकशे चौपन्न फायलींना मुलांनी आपापली नावं दिलीत. 'बाई १', 'बाई नवीन', 'झोपताना', 'अवघड'. प्रत्येक ऐकून वहीतल्या कुठल्या ओळीशी जुळते ते बघायचं. कानाला हेडफोन लावून सात-सात तास. आता बाईंच्या घरातलं सगळं कळायला लागलंय. सकाळी पावणेदहाला खाली भाजीवाला येतो. गुरुवारी शेजारी आरती असते. २०१९च्या डिसेंबरात त्यांना खोकला होता. एका फाईलमध्ये घटनादुरुस्ती वाचताना मध्येच दार वाजतं, त्या उठून जातात, कोणाशी तरी भांडतात — 'दिवाळीची वर्गणी आणि जुलैत?' — परत येऊन त्याच स्वरात पुढचं कलम!

दमलोय. पण दुकानातल्यापेक्षा हे दमणं वेगळं आहे.

रविवार, २० जुलै

सुदर्शनच्या खोलीवर गेलो. तिघं राहतात. त्याने स्वतः चहा केला, कपात बोट घालून भरला की नाही ते बघितलं. 'सर, मले माहीत आहे हे काही बरोबर नाही, पण बोट धुतलेलं आहे.' पहिल्यांदाच हसलो या महिन्यात.

त्याच्याकडे इतिहास सगळा मिळाला. मग विचारलं — नकाशे? तो म्हणाला, 'नाही ठेवले, सर. फोन भरला की आमी सगळे आधी नकाशेच काढून टाकतो. नकाशा एकदा हातात बसला की फाईल कायले पाहिजे?'

आत्तापर्यंत एकवीस जणांकडे गेलो. कोणाकडेच का नाहीत ते आता कळलं.

'पण तुला येतात ना सगळे? तू सांग, मी लिहून घेतो.' तर म्हणाला, मले माझे येतात. महाराष्ट्राचे, भारताचे दोन-चार. बाकीचे दुसऱ्या पोरांनी केले, त्यातलेही अर्धे विसरले. आणि पुढच्या वर्षी जी नवी पोरं येतील ती कोणाचा हात धरतील?

माझा डावा हात ओढून घेतला आणि मनगट चाचपलं. 'घड्याळ नाही? मग तुमचा सह्याद्री कुठं गेला, सर?'

तिथून उठून आलो. स्वारगेटच्या चौकात सिग्नल दोनदा सुटला तरी उभाच होतो.

सोमवार, ११ ऑगस्ट

हिशेब झाला. सोळाशे बारापैकी पंधराशे एकोणसत्तर मिळाल्या. चौतीसपैकी चौतीस घरं झाली. गेल्या त्रेचाळीस. त्यातल्या चार किरकोळ. नकाशे बेचाळीसपैकी तीनच मिळाले.

तीन डिस्कवर उतरवल्या. एक बाईंकडे, एक दुकानात, एक सुदर्शनकडे. प्रत्येक वेळी दोरा बांधला. प्रत्येक वेळी आकडे मोठ्याने वाचले. गिऱ्हाईक हसलं तर हसू दे.

बाईंना जाऊन सांगितलं. वही बघितली, एकोणचाळीस ओळींवरून बोट फिरवलं. त्यांचाच भूगोल, त्यांनाच बोलवत नाही. वही मिटून ओट्यावर ठेवली. 

आज नक्की सांगणार होतो. जिन्यात वाक्य तयार होतं. दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, 'या, थालीपीठ लावलंय.' झालं!

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. गल्लीत पाऊल टाकायला जागा नाही. ढोलाने टेबलावरचे स्क्रू नाचतायत. दुकान बारालाच बंद केलं.

घरी आलो तर शकू दारातच — 'काय हो, तुमचा सत्कार आहे म्हणे? मला बाहेरून कळावं?'

श्यामलाबाईंचा फोन येऊन गेला होता. रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी अकरा. सगळी मुलं येणार. शाल, श्रीफळ. आवाज परत आणणाऱ्या माणसाचा कृतज्ञता सोहळा.

कृतज्ञता!

गुरुवार, २८ ऑगस्ट

पळत गेलो. म्हटलं, बाई, हे नको. मला असलं आवडत नाही. 'आवडायला कशाला पाहिजे? सत्कार आहे, श्रीखंड नाही.' म्हटलं, पितृपक्ष आहे तेव्हा. 'म्हणून तर हॉल रिकामा मिळाला.' म्हटलं, मी काही विशेष केलेलं नाही. तर चष्म्यावरून बघत, 'ते मुलं ठरवतील.'

ओट्यावर पत्रिकांचा गठ्ठा. ब्रेलमधल्या. एकेक टिंब हाताने टोचून काढलेलं, दीपालीने आणि तिच्या मैत्रिणींनी. 'पत्रिका निघाल्यात. आता मागे फिरणं नाही.'

एक पत्रिका मला दिली. बोट फिरवून बघितलं. माझं नाव कुठे आहे ते मला वाचताही येत नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

विसर्जन. सगळं शहर रस्त्यावर. मी घरात. दुकान बंद करून गावाला निघून जावं असा विचार दिवसभर. जुन्नरला भाऊ आहे. फोन लागत नाही म्हणायचं. मुलं चार दिवस बोलतील, विसरतील.

फायली तर दिल्यात. आणखी काय द्यायचं मी?

शनिवार, १३ सप्टेंबर

शकूला सांगितलं. सगळं. दोरा, आकडे, बटाट्याची भाजी, खोटं बोललो ते. ती भाजी निवडत होती. संपेपर्यंत हात थांबले नाहीत.  जुडी संपली, देठं उचलली, हात धुतले.

'तीन महिने पित्ताच्या गोळ्या घेत होतात त्या याच्या?'

'हो.'

'मला सांगितलं असतंत तर गोळ्या तरी वाचल्या असत्या.' मग आत गेली. कपाटाचा आवाज. इस्त्रीचा सदरा घेऊन बाहेर आली, खुर्चीवर ठेवला. 'उद्या तिथे सगळ्यांसमोर सांगा. नाही सांगितलंत तर ती शाल या घरात आणायची नाही.'

वीस जणांसमोर बोललेलो नाही कधी. आवाज फुटेल का?

रविवार, १४ सप्टेंबर

सांगितलं. शाल खांद्यावर, नारळ हातात, आणि माईक पुढे आला तेव्हा. म्हटलं, डिस्क पडून गेली नाही. पडलेली मी दुरुस्त केली होती. नऊ जूनला उलटी कॉपी लावून मी ती पुसली. आणि बाईंना खोटं सांगितलं.

माईकवर बोटाने टकटक केली. वाटलं माईक बंद आहे. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. तर पहिल्या रांगेतून सुदर्शन — 'सर, आमाले माहीत आहे.'

'कधीपासून?'

'जूनपासून. बाईंनी सगळ्याईले फोन केले होते. सर येतीन, कार्ड द्या, चहा द्या, काही बोलू नका.'

चौतीस घरं! चौतीस कप चहा!

बाईंकडे वळलो. त्या शेजारीच, खुर्चीत. तोच बसका आवाज. 'घरी नेली त्याच दिवशी लावून बघितली. छान चालते. नाव आलं श्रीनिवास-तीन. आमच्या घरात श्रीनिवास कोणी नाही.'

'मग बोलला का नाहीत?'

'बोलले असते तर तुम्ही शटर ओढून घरी बसला असतात. फायली कोणी गोळा केल्या असत्या?' श्वास घेतला. 'सत्कार मात्र तुम्ही बोलावंत म्हणून ठेवला. राग गेलेला नाही माझा. एकोणचाळीस नकाशे राहिलेत. मी कानात सांगेन, तुम्ही मोठ्याने म्हणायचं. उद्या नऊला या. उशीर नको.'

शाल घरात आली. शकूने घडी घालून कपाटात ठेवली.

घड्याळाचा पट्टा अजून तुटलेलाच आहे, आणि दुरुस्तीवाला दहाशिवाय उघडत नाही. दुकानातून लाल दोरा आणलाय. सकाळी डाव्या मनगटाला बांधून जातो.